चौथ्या कोटीचं चिन्ह

वैशालीने फळ्यावरचं उणे चिन्ह बोटाने पुसलं. डस्टर दुसऱ्या हातात होतं, तरी बोटानेच पुसलं. पाच हजार एकशे चौऱ्याऐंशी हा आकडा आता एकटा राहिला आणि त्याच्या डावीकडे खडूचा पुसट डाग.

“बरोबर आहे तुझं,” ती मनालीला म्हणाली. “इथे उणे येणारच नाही.”

मनाली खाली बसली. बाकीच्यांनी वहीत खाडाखोड केली आणि पुढच्या ओळीची वाट पाहू लागले. रोह्याच्या त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला गणित घेणारे पंधराजण उरले होते. वैशाली त्यांना बहुपदीचा विवेचक शिकवत होती. दहावीत ‘बी वर्ग वजा चार एसी’ म्हणून पाठ केलेली तीच गोष्ट, फक्त वरच्या कोटीसाठी, म्हणजे एक्सच्या वरच्या घातासाठी. मुळं न शोधताच, त्यांतली दोन एकच आहेत का हे सांगणारी एक संख्या. एकच असतील तर ती संख्या शून्य. चौथ्या कोटीला ती काढायची तर सहगुणकांची सात ओळी आणि सात स्तंभांची सारणी मांडायची, तिचा निश्चयक काढायचा आणि शेवटी कोटीप्रमाणे चिन्ह लावायचं. दुसऱ्या-तिसऱ्या कोटीला उणे, चौथ्या-पाचव्या कोटीला अधिक, पुढच्या दोन्हींना पुन्हा उणे. वैशालीने चौथ्या कोटीला उणे लावलं होतं.

मनालीने विचारलं ते अगदी साधं होतं. या बहुपदीची मुळं एक, उणे एक, दोन आणि उणे दोन. विवेचक म्हणजे मुळांमधल्या फरकांच्या वर्गांचा गुणाकार. मग वर्गांचा गुणाकार उणे कसा येईल?

वैशालीने दुसरं उदाहरण घातलं, पण तिचं लक्ष टेबलाकडे होतं. तिथे तिची एम.एस्सी.च्या वेळची वही उघडी होती, पुठ्ठा दोनदा चिकटवलेली. तिच्यात चौथ्या कोटीसमोर स्वच्छ अक्षरात उणे लिहिलेलं होतं. बावीस वर्षं ती या वहीवरून शिकवत आली होती. इतक्या वर्षांत कुणी शंका काढली नव्हती, असं तिच्या मनात आलं आणि लगेच आठवलं की एका मुलीने शंका काढली नव्हती, पण वेगळं उत्तर लिहून आणलं होतं.

तास संपल्यावर ती विभागाच्या खोलीत गेली आणि जुन्या प्रकल्पांचं कपाट उघडून बसली. त्या मुलीची फाईल खालच्या कप्प्यात सापडली. ‘चौथ्या कोटीचा विवेचक : लहान सारणीची एक रीत. भूमिका शिवा म्हात्रे.’ एकोणिसाव्या पानावर तेच उदाहरण, तोच आकडा, चिन्हाशिवाय. आकड्याभोवती लाल गोल आणि समासात वैशालीचं स्वतःचं अक्षर: ‘चिन्ह चूक. इथून पुढचं ग्राह्य नाही.’ खाली सही आणि तारीख. तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.

तिने खुर्ची ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. सात बाय सातची सारणी भूमिकेने घेतलीच नव्हती. तिची सारणी चार बाय चारची होती. पहिल्या घरात मुळांची संख्या, पुढच्या घरात मुळांची बेरीज, मग वर्गांची बेरीज, मग घनांची. आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर पुढे सरकलेली. या बेरजा मुळं न शोधता, नुसत्या सहगुणकांवरून मिळतात हे तिने आधीच्या पानांवर दाखवलं होतं. वैशालीने एका पाठकोऱ्या कागदावर तो निश्चयक काढला. छत्तीस गुणिले एकशे चव्वेचाळीस. पाच हजार एकशे चौऱ्याऐंशी. या रीतीत शेवटी चिन्ह लावावं लागतच नव्हतं. ते आपोआप बरोबर येत होतं.

विसाव्या पानापासून पुढचं तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. विवेचक शून्य आला म्हणजे दोन मुळं एकच झाली, एवढ्यावर मुलगी थांबली नव्हती. सारणीत जितक्या ओळी खरोखर स्वतंत्र, तितकीच मुळं वेगवेगळी, हे तिने पुढे सिद्ध केलं होतं. सिद्धतेत एक फट राहिली होती. ती एकतिसाव्या पानावर तिची तिलाच दिसली होती आणि तिने ती बुजवली होती. हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीच कुणीतरी करून ठेवलं आहे, हे वैशालीला ठाऊक होतं. पण कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयाचं एकच पुस्तक होतं आणि ते या मुद्द्याच्या अलीकडेच संपत होतं. म्हणजे कासूहून रोज गाडीने येणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीने हे एकटीने शोधलं होतं.

त्या फेब्रुवारीत हा प्रकल्प पुण्याच्या एका संस्थेत पाठवायचा होता, वैशालीच्या शिफारसपत्रासकट. तिथे एम.एस्सी.ला आठ-दहाच मुलं घेत. वैशालीपुढे तेव्हा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. तिने एकोणीस पानं वाचली, वहीतलं उणे पाहिलं आणि मुलीला बोलावून घेतलं. पायाच चुकला आहे, अशा कामावर पत्र कसं देऊ, असं ती म्हणाली होती. पुढच्या वर्षी नव्याने करू, असंही म्हणाली होती. भूमिका ‘बरं मॅडम’ एवढंच म्हणाली आणि फाईल टेबलावर ठेवून गेली. परीक्षेला बसली, पहिल्या वर्गात पास झाली आणि पुन्हा कॉलेजात दिसली नाही.

वैशालीने पेन काढलं, एकोणिसाव्या पानावरचा स्वतःचा लाल शेरा आडव्या रेघेने खोडला आणि खाली लिहिलं: ‘उत्तर बरोबर. चूक तपासणाऱ्याची.’ सही केली. आजची तारीख घातली. मग फाईल पिशवीत टाकून नदीवरच्या पुलावरून चालत पलीकडच्या अष्टमी गावात घरी आली.

संध्याकाळी वालाच्या शेंगा सोलताना तिने नवऱ्याला, गणेशला, हे सांगितलं. तो एका कंपनीतून नुकताच निवृत्त झाला होता आणि घरातलं प्रत्येक काम हळूहळू, नीट करायला शिकत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. एका चिन्हावरून कुणाचं आयुष्य अडत नाही, मुलीने तेव्हा भांडायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं पडलं. आता जाऊन सांगण्यात तुझं मन हलकं होईल, तिचं काय होईल, असंही त्याने विचारलं. वैशाली शेंगा सोलत राहिली. सोललेले दाणे आणि सालं एकाच ताटात पडत होती हे त्याने पाहिलं आणि ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

रविवारी ती सकाळच्या गाडीने निघाली. नागोठणे गेलं, मग कासू. पत्ता कॉलेजच्या रजिस्टरमधून घेतला होता, पण लागला नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीवर शिवा म्हात्रेचं घर विचारलं तर टपरीवाल्याने ‘मिठागरवाला शिवा ना’ म्हणत हात करून वाट दाखवली. भाताचं पीक निघून गेलेली शेतं, त्यांत वालाचे हिरवे पट्टे, आणि बांधाच्या शेवटी पाच-सहा घरं. आभाळ सकाळपासून मळकट होतं आणि ऊन पडत नव्हतं.

भूमिका पडवीत तांदूळ निवडत बसली होती. वैशालीला तिने लगेच ओळखलं. सूप खाली ठेवून उभी राहिली, पदर नसतानाही खांद्यावरून हात फिरवला आणि आत या म्हणाली. ती बारीक झाली होती. बोटांच्या नखांत पिवळा आणि निळा रंग होता, धुऊनही न गेलेला. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते, रविवारी सुट्टी असते, असं तिने चहा ठेवता ठेवता सांगितलं. भिंतीवर एका बाईचा हार घातलेला फोटो होता. वैशालीची नजर तिकडे गेली तेव्हा ती म्हणाली की आई, काशीबाई. गेल्या पावसाळ्यात गेली.

चहा झाला. कॉलेजात कोण आहे, कोण बदलून गेलं, हे विचारून झालं. मग वैशालीने पिशवीतून फाईल काढली आणि एकोणिसावं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. काय सांगायचं ते तिने गाडीत मनाशी जुळवलं होतं, पण तोंडातून भलत्याच क्रमाने आलं. वहीत चूक होती. बावीस वर्षं होती. तुझं पुढचं मी वाचलंच नाही. आता वाचलं.

भूमिकेने खोडलेला लाल शेरा वाचला, खालची नवी सही वाचली. मग पान न उलटता हात मांडीवर ठेवला.

“मला ठाऊक होतं, मॅडम.”

“काय ठाऊक होतं?”

“बरोबर हाय ते. त्याच दिवशी कळलं. गाडीत.”

ती सांगत गेली तेव्हा तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत तिने वही काढून पुन्हा मांडलं होतं. आपलं चुकलं असेल असंच धरून मांडलं होतं. तिसऱ्या कोटीला करून पाहिलं, पाचव्या कोटीला करून पाहिलं. नागोठणं सुटलं तेव्हा चूक कुठे आहे हे तिला दिसलं आणि ती आपली नाही हेही दिसलं. सकाळच्या गाडीने जाऊन मॅडमना दाखवू, असं ठरवून ती कासूला उतरली.

आईच्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा पंधरा दिवस झाले होते. उजवी बाजू गेली होती. भूमिका घरी आली तेव्हा तिचे बाबा मिठागरावरून मधेच येऊन आईला पेज भरवत होते. गुडघ्यापर्यंत चिखल सुकून पांढरा झालेला, आणि आईच्या तोंडातून पेज बाहेर येत होती ती ते स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलने टिपत होते. मिठाचा हंगाम नुकता सुरू झाला होता. तिला पाहून त्यांनी पहिलं विचारलं ते पत्राचं. पत्र झालं का? मिठागरावर त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी पुण्याला जाणार. तिने जायलाच हवं, आईचं मी बघतो, असं ते आठ दिवस म्हणत होते आणि कुणाचं ऐकत नव्हते.

“मी त्यांना सांगितलं, माझं चुकलं. मॅडम नाय म्हणाल्या,” भूमिका म्हणाली. “तुम्ही बरोबर म्हणाला असतात तर मला जायला लागलं असतं. नायतर जात नाय असं माझ्या तोंडाने सांगायला लागलं असतं. ते त्यांनी ऐकलं नसतं.”

वैशालीला क्षणभर हलकं वाटलं. आपल्यामुळे नव्हे, असं काहीतरी छातीतून वर आलं, आणि ते वर आलेलं तिला स्वतःलाच आवडलं नाही. तिने रिकामा कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

मग ती घाईने बोलू लागली. अजून वेळ गेलेली नाही. अर्ज दोन महिन्यांत निघतील. पत्र मी देते, या वेळी चांगलं देते. दर रविवारी रोह्याला ये, नाहीतर मी इकडे येते, जुनं सगळं आपण पुन्हा करू. भूमिकेने हे सगळं मान खाली घालून ऐकलं. आईचं तेरावं झाल्यावर मी वही काढली होती, असं ती म्हणाली. अक्षर आपलंच, पण एका ओळीवरून दुसरी ओळ कशी आली ते कळेना. चार दिवस बसले. मग ठेवून दिली.

“येतं परत,” वैशाली म्हणाली. “सवय गेली की असं होतं. येतं.”

“येईल,” भूमिका म्हणाली. तिचा स्वर पाहुण्याला निरोप देतानाचा होता.

ती उठली, सूप आत नेऊन ठेवलं आणि परत येऊन फाईल बंद केली. बंद फाईलवर तिचा हात बराच वेळ राहिला.

“हे तुमच्याकडंच राहू दे, मॅडम. घरी नको. बाबांना आत्ता माझं वाईट वाटतं, पोरीला जमलं नाय म्हणून. खरं कळलं तर त्यांना स्वतःचं वाईट वाटेल, त्यांच्यासाठी राहिली म्हणून. आणि आईचंही.”

“पण मग चूक तुझ्या नावावर राहील.”

“राहू दे. इतकी वर्षं राहिलीच की.”

बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला. वैशालीने फाईल पिशवीत घातली.

शिवा दारातून आत आला आणि मॅडम कोण हे कळल्यावर दोन पावलं मागे जाऊन पाय धुऊन आला. साठीचा, उन्हाने काळवंडलेला, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघणारा माणूस. मॅडम एवढ्या लांब आल्या आणि नुसत्या चहावर, याचं त्याला फार वाईट वाटलं. जेवल्याशिवाय जायचं नाही, असं तो म्हणाला. वैशालीने गाडीची वेळ सांगितली तेव्हा त्याने आतून जाड मिठाची एक थैली भरून आणली आणि तिच्या पिशवीत स्वतःच्या हाताने ठेवली. दुकानातल्या मिठाने लोणचं टिकत नाही, याने टिकेल, असं त्याने सांगितलं. कशासाठी आलात, हे त्याने विचारलं नाही. इकडे काम होतं, म्हणून डोकावले, असं वैशालीनेच सांगून टाकलं.

भूमिका पडवीच्या खांबाशी उभी राहिली. पुन्हा या, असं ती म्हणाली. वैशालीने तिच्या दंडाला हात लावला. एवढंच.

शिवा तिला सोडायला निघाला. पिशवी त्याने सायकलच्या हँडलला अडकवली आणि सायकल हातात धरून चालू लागला. बांधावर दोघं शेजारी चालू शकत नव्हती, म्हणून तो मागे, ती पुढे. यंदा खाडीला पाणी वेगळंच आहे, मीठ पाहिजे तसं धरत नाही, असं तो मागून सांगत होता. पोरगी कारखान्यात रंग फार सुरेख देते, मालक तिलाच डोळे आखायला बसवतो, हेही त्याने सांगितलं. मग बांध संपला, डांबरी रस्ता लागला आणि तो तिच्या बरोबरीने आला.

“मॅडम, एक इचारू?”

“विचारा ना.”

“मना त्यातलं काय समजनार नाय. पन पोरीचं तवा काय चुकलेलं?”

रस्त्याच्या कडेला कुणीतरी वालाच्या शेंगा पोत्यात भरत होतं. वैशाली तिकडे पाहत चार-सहा पावलं चालली.

“चिन्ह,” ती म्हणाली. “एका ठिकाणी अधिक पाहिजे होतं, तिथे उणे पडलं.”

“यवढंच?”

“एवढंच.”

रेल्वेचं फाटक ओलांडलं, फलाटावर चढायचा उतार आला. सायकल वर ढकलताना त्याला धाप लागली होती, म्हणून त्याचं बोलणं तुटत तुटत आलं. त्यात तक्रार नव्हती. मिठागरातल्या एखाद्या वाफ्याबद्दल दुसऱ्या कामगाराशी बोलावं तसा तो बोलला.

“मंग तिला बसवून दाखवायचं व्हतं, मॅडम. पोर ऐकनारी हाय. केलं असतं तिनी नीट.”

“हो,” वैशाली म्हणाली.

गाडीला अजून पंचवीस मिनिटं होती. तुम्ही जा, घरी जेवण थांबलं असेल, असं तिने दोनदा सांगून पाहिलं. पण पाहुण्या माणसाला फलाटावर एकटं टाकून जात नाहीत. शिवाने सायकल खांबाला टेकवली, बाकावरची धूळ हाताने झटकली, तिला बसायला सांगितलं आणि गाडी येईपर्यंत तो तिच्या शेजारी बसून राहिला.